बंद केलं आहे, काढलेलं नाही

आमच्या मेलवीधी रस्त्यावरच्या कनकलताबद्दल मी लिहावं असं तंजावूरच्या मराठी मंडळाच्या लोकांनी ठरवलं. आवक-जावक नोंदवहीपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, आणि देवनागरीही वडिलांनी बळेच शिकवली म्हणून येते. पण त्या आठवड्यात मी तिथे होतो, आणि त्या कामात माझीही एक सही आहे. यंत्राविषयी जे सांगतो आहे ते तिने मला समजावलं तसं. चुकलं तर चूक माझी.

कनकलता १९९१ साली आमच्या कचेरीत टेलेक्सवर लागली. बियाणं आणि शेतीची औषधं विकणारी कंपनी. मोठी कचेरी मद्रासला, आमची तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या रस्त्यावर, आणि आमच्या हाताखाली पाच डेपो. त्यातला ओरत्तनाडूचा सगळ्यात गजबजलेला. मी टपाल आणि स्टोअर बघायचो. कनकलताला नेमणूक मिळाली ती तात्पुरती. सहा महिन्यांनी पत्र यायचं, पुढचे सहा महिने वाढायचे. अशी अठरा पत्रं मी माझ्या हाताने आवक वहीत चढवली.

१९९७ मध्ये टेलेक्स गेलं. दोघी ऑपरेटर होत्या, दुसरीने राजीनामा दिला. कनकलता मॅनेजर हरिप्रसादांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सार, त्या जागी जी नवी पेटी आली आहे ती कोण बघणार?"

"चेन्नईचे इंजिनियर बघतील."

"ते चेन्नईत. पेटी इथे."

हरिप्रसाद हसले आणि तिला त्या खोलीत बसवलं. ती पेटी म्हणजे राउटर. पाचही डेपोंत एकेक तशीच पेटी, आणि मधे भाड्याने घेतलेल्या टेलिफोनच्या लाइनी. मी टपालातला माणूस, म्हणून तिने मला टपालाच्याच भाषेत सांगितलं होतं: राउटर म्हणजे थैल्या वेगळ्या करणारा कारकून. कुठल्या गावची थैली कुठल्या गाडीत टाकायची ते तो ठरवतो. आणि हे कारकून एकमेकांना सतत खबर देत असतात, माझ्याकडून अमक्या गावाला रस्ता आहे, तमका रस्ता बंद पडला. खबर देण्याघेण्याची जी ठरलेली रीत, तिला प्रोटोकॉल म्हणतात. खबर खरी आहे की भलत्याच कुणाची, हे ओळखायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असतो. हे सगळं ज्या इंजिनियरने बसवलं तो वर्षभरात अमेरिकेला गेला. पासवर्ड कुठेच लिहिलेला नव्हता. राउटरला विचारलं तर तो बारा अक्षरांची खिचडी दाखवायचा.

आता मधेच तिच्या घरचं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यातून झालं.

कनकलताचे सासरे १९९८ साली वारले. त्यांच्या देव्हाऱ्यात चांदीचे अकरा टाक होते, महाराष्ट्रातून येताना आणलेले. तीनशे वर्षं हातांनी पुसून पुसून वरच्या आकृत्या इतक्या झिजलेल्या की खंडोबा कुठला आणि देवी कुठली ते एकट्या सासऱ्यांना ठाऊक. रोज पूजेनंतर ते टाक ठरलेल्या क्रमाने मांडायचे. आमच्यात सुतकात देवांना हात लावत नाहीत. देव्हाऱ्याचा पडदा ओढायचा, समई विझवायची, आणि बाराव्या दिवशी पडदा बाजूला करून जिथे थांबलो तिथून पुढे. पण धाकटा दीर वैद्यनाथ बंगळूरहून आला होता. मोठा उत्साही. आपल्याकडून काहीतरी सेवा व्हावी म्हणून त्याने सासूबाईंना न विचारता अकराही टाक उचलले, रेशमी कापडात गुंडाळून डब्यात ठेवले आणि देव्हारा पुसून लख्ख केला.

बाराव्या दिवशी डबा उघडला. क्रम कुणालाच येईना. ज्यांना येत होता त्यांचंच तर सुतक होतं.

मी त्या दिवशी तिथे जेवायला होतो. तीन म्हाताऱ्या, तिघींचे तीन क्रम. शेषम्मा, म्हणजे कनकलताच्या सासूबाई, वैद्यनाथला म्हणाल्या, "देव उठवायला तुज कोण सांगितलं रे? पडदा ओढ म्हटलं होतं. पडदा!"

"अम्मा, स्वच्छ केलं मी."

"होय की. डोकंही स्वच्छ करून आलास बंगळूरहून."

त्यानंतर शेषम्मांना अर्धांगवायू झाला. कनकलताचा नवरा नागपट्टिणमला शाळामास्तर, शनिवारी यायचा. म्हणून कनकलता रोज दुपारी एकच्या सुमारास कचेरीतून चालत घरी जाऊन सासूला जेवू घालून परत यायची. सात मिनिटं जायला, सात यायला. तंजावूरची नोकरी होती म्हणून ते जमत होतं. आणि चेन्नईला तर मुख्य राउटरचं रॅक तिरुचीला हलवायचं होतं. तिथे म्हणे शिकलेली माणसं मिळतात. रॅक गेलं की कनकलताची जागा गेली. तिला तिरुचीला जाणं शक्य नव्हतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

२००० सालचा पुरट्टासी महिना, म्हणजे आपला भाद्रपद-आश्विन. सांबा भाताच्या बियाण्याचा हंगाम. ओरत्तनाडूच्या वाटेवर रस्ता रुंद करायला चर खणला होता, पाऊस पडला, चर भरला आणि आमच्या लाइनीच्या जोडात पाणी शिरलं. लाइन मेली असती तर बरं, असं कनकलता म्हणाली. ती मेली नाही, लंगडायला लागली.

सकाळी दहा वाजता ओरत्तनाडूहून धनलक्ष्मीचा फोन. तिथली कारकून, भारी तोंडाळ. तमिळमध्ये बोलत होती.

"अक्का, इथे साठ माणसं रांगेत आहेत. चिठ्ठी छापल्याशिवाय पोतं देता येत नाही. आणि तुमचा स्क्रीन दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा वर-खाली करतोय."

"थांब दहा मिनिटं."

"मी थांबते. साठ जणांना तुम्ही सांगा."

दहा मिनिटांत बाकीच्या चार डेपोंचेही फोन आले. तिथल्या लाइनी धडधाकट होत्या, तरी काम अडलं होतं. कनकलताने मला सांगितलं: लाइनीतल्या खरखरीत ओरत्तनाडूच्या राउटरची खबर मधेच गळते. मग बाकीच्यांना वाटतं तो गेला. सगळे नव्याने रस्त्यांचा हिशोब मांडतात. मिनिटाने खबर पोचते, तो आला. पुन्हा हिशोब. आमचे राउटर जुने आणि मंद. हिशोबच करत बसतात, थैल्या तशाच पडून राहतात.

हरिप्रसादांनी चेन्नईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडे प्रवीणकुमार, नेटवर्कचे मोठे इंजिनियर. त्यांना रोग लगेच कळला, हे मान्य करायला हवं.

"ओरत्तनाडूच्या राउटरमधून प्रोटोकॉल काढून टाका," ते म्हणाले. "पुढे 'नो' लावून ती ओळ मारा, खालचं सगळं आपोआप जाईल. मग हाताने दोन पक्के रस्ते लिहा, एक तुमच्याकडून तिथे, एक तिथून तुमच्याकडे. पक्क्या रस्त्याला खबर लागत नाही. लाइन लंगडत का होईना, काम चालेल."

"आणि लाइन बरी झाली की, सार?" कनकलता म्हणाली.

"तेव्हा परत टाइप करायचं. एकतीस ओळी आहेत. त्यात काय?"

"पासवर्डच्या ओळीत काय टाइप करू?"

"आहे तो छापून घ्या."

"छापला तर खिचडी येते, सार. ती खिचडी परत घातली तर चालेल, असं लिहून द्याल कां?"

"नाही चालली तर नवा पासवर्ड देऊ."

"पाचही डेपोंना? हंगामात? एक जरी चुकला तर तो डेपो सगळ्यांपासून तुटणार. आणि दिवाळीनंतर पट्टुक्कोट्टैची लाइन ओरत्तनाडूतून जोडायची आहे. तेव्हा प्रोटोकॉल लागणारच."

"कनकलता, टेलेक्सवरून आलेल्या माणसाने सांगितलं तेवढं करावं."

"टेलेक्सवर आम्ही आलेला निरोप कधी फाडला नाही, सार."

हरिप्रसादांनी कपाळाला हात लावला. प्रवीणकुमार म्हणाले, "ठीक. काढायचं नसेल तर तुमच्या जबाबदारीवर. एक वाजेपर्यंत पाचही डेपो चालू झाले नाहीत तर मी रॅक हलवण्याचा कागद आजच सहीला पाठवतो." आणि फोन ठेवला.

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

कनकलता खोलीत गेली. मीही मागे गेलो, का ते मला सांगता येणार नाही. चपला बाहेर काढायच्या असतात, ते विसरलो. ती ओरत्तनाडूच्या राउटरमध्ये शिरली होती. प्रोटोकॉलच्या ओळीच्या आत जाऊन तिने नुसतं प्रश्नचिन्ह दाबलं. तसं केलं की तिथे कुठकुठले शब्द चालतात त्याची यादी राउटर स्वतःच देतो. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली आली आणि थांबली.

"मामा, हे बघा. शटडाउन."

"म्हणजे?"

"म्हणजे पडदा. असं वाटतंय. काढत नाही, झाकून ठेवतो."

"वाटतंय?"

"राउटरच्या पुस्तकात एकच ओळ आहे. झाकल्यावर आतल्या एकतीस ओळी तशाच राहतात की जातात, ते लिहिलेलं नाही. मज आधी दुसरीकडे करून पाहायचंय. स्टोअरमध्ये जास्तीचा राउटर आहे ना?"

आता हे माझ्यावर आलं. तो राउटर सीलबंद खोक्यात होता, आणि चेन्नईच्या पत्राशिवाय सील फोडायचं नाही असा नियम होता. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही सील विनापत्र फोडलं नव्हतं. ते काही शौर्य नव्हे. भीती होती.

"हरिप्रसाद सारांना विचारू या," मी म्हणालो.

"ते चेन्नईला विचारतील. चेन्नई म्हणेल गरज नाही."

"आणि बिघडला तर?"

ती खुर्चीतून वळली. "मामा, तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होतात. अकरा टाक पानासमोर पडले होते. आठवतंय कां?"

मी किल्ली आणायला गेलो. स्टोअरच्या वहीत लिहिलं, 'तपासणीसाठी उघडले', खाली सही केली. सही जरा वाकडी आली.

तिने तो राउटर टेबलावर ठेवला, त्यात तसाच प्रोटोकॉल घातला, स्वतःचा एक पासवर्ड दिला आणि सगळ्या ओळी छापून घेतल्या. मग शटडाउन. पुन्हा छापलं. दोन कागद माझ्या हातात दिले. "तुम्ही वाचा, मी मोजत्यें." मी अर्थ न कळता ओळी मोठ्याने वाचल्या. एकही गळली नव्हती. एकच ओळ वाढली होती, ती शटडाउनची.

मला वाटलं झालं. तिने मात्र प्लग उपटला.

"अय्यो, हे कां?"

"आपल्याकडे करंट जात नाही कां, मामा?"

प्लग पुन्हा लावल्यावर राउटर उठला आणि प्रोटोकॉल चालू! पडदा गायब. तिने मान हलवली, तिला हेच पाहायचं होतं. केलेला बदल राउटरच्या कायमच्या आठवणीत साठवला नाही, तर वीज जाऊन आल्यावर तो जुन्यासारखा उठतो. तिने पुन्हा शटडाउन दिलं, या वेळी साठवलं, पुन्हा प्लग उपटला, लावला. आता झाकलेला तो झाकलेलाच राहिला, आणि आतल्या ओळी जागच्या जागी.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पुढचं तिने न थांबता केलं. आधी दोन्ही पक्के रस्ते लिहिले, तंजावूरहून ओरत्तनाडूचा आणि ओरत्तनाडूहून तंजावूरचा. "आधी प्रोटोकॉल झाकला असता तर माझाच रस्ता तुटला असता. मग बस धरून ओरत्तनाडूला जायचं," ती म्हणाली. रस्ते तपासले. मग ओरत्तनाडूच्या प्रोटोकॉलमध्ये शिरून शटडाउन. मग साठवण. आणि हात मांडीवर ठेवून बसली.

पहिल्या मिनिटाला पापनाशमचा डेपो सुरळीत झाला. मग मन्नारगुडी. एकेक करत चारही. ओरत्तनाडूचा फोन वाजला तेव्हा साडेबारा होत होते.

"अक्का, स्क्रीन आला. बैलगाडीसारखा चालतोय, पण मधेच जात नाही."

"बैलगाडी पोचते ना?"

"पोचते. चिठ्ठ्या छापतेय. साठचे आता नव्वद झाले, तेवढं ऐकून घ्या."

कनकलताने तिला फोनवरच एक चिठ्ठी सांगितली आणि तिथल्या राउटरवर चिकटवायला लावली: 'बंद केलं आहे, काढलेलं नाही. कोणी हात लावू नये.' तमिळमध्ये. तशीच एक तिने आमच्या रॅकवर लावली. मग पाऊण वाजता खाली उतरली. मी म्हटलं, एक वाजेपर्यंत थांब, चेन्नईचा फोन येईल.

"हरिप्रसाद सार आहेत ना. अम्माच्या जेवणाची वेळ झाली." आणि गेली. एक वाजता हरिप्रसादांनी पाचही डेपो चालू असल्याचं चेन्नईला कळवलं, तेव्हा प्रवीणकुमार म्हणाले, लाइन बरी झाल्यावर झाकलेलं उठतं का ते बघून रॅकचं ठरवू.

तिसऱ्या दिवशी ओरत्तनाडूला दोन तास करंट नव्हता. बॅटरी संपली, राउटर बंद पडला. मी टेलिफोनजवळच बसून होतो, टपाल तसंच ठेवून. करंट आल्यावर धनलक्ष्मीने कळवलं की पेटी उठली आणि रांग चालू आहे. कनकलताने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि चहा मागवला.

जोड उपसून कोरडा करून नवा बसवायला दहा दिवस लागले. कुणी विचारलं की ती म्हणायची, "ओरत्तनाडूस सुतक आहे. अजून चार दिवस." हरिप्रसादांना विनोद कळत नसे. त्यांनी खरंच एकदा विचारलं, कोण गेलं?

लाइन बरी झाल्याचा निरोप आला त्या दिवशी प्रवीणकुमार स्वतः आले. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी नऊला हजर. उंच, शर्ट खोचलेला, हातात एक यादी. यादीत आमच्या रॅकमधल्या सगळ्या वस्तू आणि वर लिहिलेलं, 'तिरुची'. ती त्यांनी लपवली नाही. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दाखवा."

झाकल्यावर आतल्या ओळी तशाच राहतात, हे स्टोअरमधल्या राउटरवर पाहिलं होतं. पण तिथे पासवर्ड तिचा होता. इथे तो अमेरिकेला गेलेल्या माणसाचा.

कनकलताने चप्पल बाहेर काढली, पदर खोचला, बसली. ओरत्तनाडूच्या राउटरमध्ये जाऊन आधी सगळ्या ओळी छापून प्रवीणकुमारांच्या हातात दिल्या. मग त्या एका शटडाउन शब्दापुढे, आणि फक्त त्याच्याचपुढे, तिने 'नो' लावलं.

प्रवीणकुमार मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. वीस सेकंद. तीस. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास आमच्या राउटरने एक ओळ लिहिली: ओरत्तनाडूचा शेजारी आला, ओळख पटली. म्हणजे पासवर्ड जुळला. पाठोपाठ खबरा आल्या. तिने पक्के रस्ते दोन्हीकडून काढले, तरी स्क्रीन हलला नाही. मग साठवलं.

प्रवीणकुमारांनी कागदावर शटडाउनची ओळ सोडून पेन्सिलने एकेक ओळ मोजली. एकतीस. पुन्हा मोजली.

"ती खिचडी," ते म्हणाले, "कुणालाच ठाऊक नाही ना काय आहे ती?"

"नाही, सार. म्हणून तर हात लावला नाही."

"आणि साठवायचं कसं सुचलं? मी त्या दिवशी ते सांगितलं नव्हतं."

"तुम्ही बसता तिथे करंट जात नसेल," ती म्हणाली. ते हसले. पहिल्यांदाच. यादीची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि हरिप्रसादांना म्हणाले, "रॅक इथेच राहू दे. बाईंना विचारल्याशिवाय कुणी काही काढू नका. मीसुद्धा." जाताना त्यांनी रॅकवरची चिठ्ठी मागून घेतली. नंतर सगळ्या शाखांना एक परिपत्रक आलं, त्यात दुरुस्तीच्या वेळी काय करायचं ते लिहिलं होतं, आणि पहिली ओळ त्या चिठ्ठीचीच होती. तिचं नाव त्यात नव्हतं. मी ते आवक वहीत चढवताना शेरा लिहायला गेलो, आणि माझा तो अधिकार नव्हे म्हणून थांबलो. लिहायला हवा होता.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस, कनकलताच्या नावाचं पाकीट आलं. एकोणिसावं. इतकी पत्रं हाताळल्यावर जाडीवरूनच कळतं. हे जाड होतं. मी नोंद केली, पण नेहमीसारखं ट्रेमध्ये टाकलं नाही. वर गेलो, चपला बाहेर काढल्या आणि तिच्या हातात दिलं. 'कायम' हा शब्द दुसऱ्या ओळीत होता. तिने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि एक वाजायला आला होता म्हणून म्हणाली, "चला मामा, तुम्हीच अम्माला सांगा."

शेषम्मा खाटेवर बसल्या होत्या. मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी डावा हात पुढे करून पत्र चाचपलं, खाली सही आहे ना ते सुनेला विचारलं.

"देवापुढे ठेव," त्या म्हणाल्या. "चौथ्या टाकापुढे." कनकलता उठली, तोच पुन्हा हाक मारली. "थांब. चौथा नक्को. पाचव्या. राममूर्ती, तुज काय वाटतं रे, देवी चौथी की पाचवी?"

मी सांगितलं, मज ठाव नाही. कनकलताने पत्र दोघांच्या मधे ठेवलं आणि पानं वाढायला घेतली.